नऊ नंबरची दोन उत्तरं

प्रिंटरच्या कागदावर ३६.५३ हा आकडा उमटला तेव्हा मला आधी आनंद झाला. काळजी त्यानंतर वाटली, आणि तीही बेताचीच.

रेल्वेकडून तपासणीला आलेले गायधनी साहेब कागदावर वाकले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आकडा पुन्हा वाचला आणि मग आमच्या आगाशे सरांकडे पाहिलं.

"आगाशे, ही पेटी चोवीस व्होल्टची ना?"

"चोवीसचीच, साहेब."

"इथे छत्तीस छापलंय."

सर वळले ते थेट वृंदाकडे. वृंदा सबनीस कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि तिची बोटं कळफलकावर तशीच थांबली होती.

"वृंदा, काय करून ठेवलंस हे?"

सरांना तिच्यावर चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. खोटं कशाला बोलू, ते बघायला मला आवडलं. कित्येक महिने माझ्या पोटात जे धुमसत होतं, त्याला त्या एका वाक्याने बरं वाटलं.

ही गोष्ट कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं दिसायची तेव्हाची. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. रेल्वेच्या सिग्नलसाठी लागणाऱ्या लोखंडी पेट्या आम्ही बनवायचो. पेटी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायची आणि चोवीस व्होल्ट द्यायची. बॅटरी थकली, ऊन तापलं, काहीही झालं तरी तिने चोवीसच द्यायचे. ती देते की नाही हे बघणारी आमची टेस्ट रूम होती आणि तिथे आम्ही तिघं होतो. आगाशे सर प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली वृंदा आणि मी, हेमा निकम. आम्ही दोघी डिप्लोमावाल्या, दोघी हंगामी. मार्चअखेर आमच्यातली एकच कायम होणार होती आणि दुसरीला निरोप मिळणार होता.

माझ्यासाठी ती जागा म्हणजे नुसती नोकरी नव्हती. आमचे अण्णा फौजेतून सुभेदार म्हणून परत आले होते आणि घरातही सुभेदारच राहिले होते. त्यांनी मला जेवताना स्पष्ट सांगितलं होतं, "कायम झालीस तर मी चकार शब्द काढणार नाही. नाही झालीस तर कोरेगावचं स्थळ. मुलगा पाहून झालाय, जमीन आहे, माणसं बरी आहेत." कोरेगावच्या माणसांना नोकरी करणारी सून नको होती, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. त्यामुळे माझं पुढचं सगळं आयुष्य आगाशे सरांच्या एका सहीवर येऊन थांबलं होतं.

आणि मध्ये ही वृंदा होती.

ती येण्याआधी टेस्ट रूम माझी होती. प्रत्येक पेटी मी हाताने तपासायचे. एका हाताने बॅटरीचा व्होल्टेज कमी-जास्त करायचा, दुसऱ्या हाताने मीटरच्या तारा धरायच्या, भट्टीत पेटी तापवायची, आकडा बघायचा. सर कौतुकाने म्हणायचे, "हेमाच्या बोटांना व्होल्ट कळतात." त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं होतं.

मग पुण्याहून वृंदा आली. मोकळे केस, खांद्याला कापडी पिशवी, आणि आल्या आल्या तिने सरांना विचारलं, "सर, हे सगळं कॉम्प्युटरवरून का नाही करत आपण?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सरांचे डोळे मात्र लकाकले. पुढच्या महिन्याभरात तिने टेस्ट रूमचं रूपच पालटलं. एक जाडजूड करडी केबल कॉम्प्युटरमधून निघाली आणि भट्टीच्या पाठीतून पेटीवर भार टाकणाऱ्या लोडच्या पाठीत, तिथून मीटरच्या पाठीत अशी खोलीभर फिरली. आता वृंदा एक बटण दाबायची आणि उपकरणं आपापली कामं करायची. मी पेट्या उचलून टेबलावर ठेवायचे आणि तपासून झालेल्या खाली काढायचे.

तिने हे आम्हाला समजावून सांगितलं तो दिवस मला आठवतो. सर खुर्ची ओढून शाळेतल्या मुलासारखे बसले होते.

"केबल एकच आहे," वृंदा म्हणाली, "त्यामुळे कॉम्प्युटर जे बोलतो ते सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून प्रत्येक उपकरणाला एक नंबर द्यायचा. मागच्या बाजूला बारीक स्विच असतात, त्यावर तो लावायचा. भट्टी चार, लोड सात, मीटर नऊ. कॉम्प्युटर आधी नंबर पुकारतो. ज्याचा नंबर तोच ऐकतो, बाकीचे गप्प. उत्तर मागितलं की तोच उत्तर देतो. शाळेत हजेरी घेतात ना, तसं."

"आणि दोघांनी एकदम उत्तर दिलं तर?" मी विचारलं. विचारलं म्हणजे टोचलं.

"देणारच नाहीत. नंबर वेगळे असतात ना."

सर हसले. तिने काही विनोद केला नव्हता, तरी हसले. मी मनात म्हटलं, माझ्या शंकेवर हसायला यांना बरं जमतं.

त्यानंतर मी तिच्याशी कधी 'तू' म्हणून बोलले नाही. ती माझ्याच वयाची, डबा एका टेबलावर खायचा, ती मला सरळ 'हेमा' म्हणायची, आणि मी तिला 'सबनीस मॅडम, तुम्ही' म्हणायचे. आदर म्हणून नव्हे, तिला लांब ठेवायला. ती बिनसाखरेचा चहा प्यायची म्हणून सर कँटीनमध्ये मुद्दाम सांगून ठेवायचे, ते मला सलायचं. तिने "सर, एक मिनिट" म्हटलं की सर हातातलं टाकून जायचे, ते सलायचं. तिचं अक्षर चांगलं होतं. तेसुद्धा सलायचं.

गंमत अशी, की मला असं जळायचं काही कारणच नव्हतं. जानेवारीतल्या एका दुपारी सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं होतं. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून ते म्हणाले होते, "हेमा, कायमची जागा तुझीच आहे. माझ्या मनात पक्कं आहे. फक्त वृंदाला बोलू नकोस. तिचं मन मोडेल."

त्या संध्याकाळी मी घरी उडतच गेले. पण दुसऱ्या दिवशी सर पुन्हा तिच्या खुर्चीमागे उभे, पुन्हा तिच्या पडद्यावर वाकलेले. शब्द मला दिला होता आणि लक्ष तिच्यावर होतं. मग मला तो शब्द पुन्हा पुन्हा काढून बघावासा वाटू लागला. दागिना पेटीत आहे ना म्हणून बायका उठून बघतात तसा. बघून समाधान व्हायचं नाही. उलट जळफळाट वाढायचा. जागा माझी, आणि मग हिच्यासाठी बिनसाखरेचा चहा कशाला?

तर तपासणीच्या दिवशी मी अशा मनाने टेबलापाशी उभी होते.

सकाळी सगळं सुरळीत सुरू झालं होतं. मी पेटी ठेवायचे, वृंदा बटण दाबायची, भट्टी, लोड आणि मीटर आपापलं काम करायचे आणि प्रिंटर आकडा छापायचा. चोवीसच्या आसपासचे आकडे एकाखाली एक उमटत होते. गायधनी साहेब मान डोलवत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "पेटी चोवीस देते ते दिसलं. पण बॅटरी त्या वेळी किती आहे, ते कुठे दिसतं?"

ते कुठेच दिसत नव्हतं. सर अडणारे नव्हेत. शेल्फवर जादा मीटर होता, आमच्या चालू मीटरचा जुळा, त्याच कंपनीचा, त्याच वर्षीचा. सरांनी त्याच्या तारा उचलल्या, बॅटरीला चिमटे लावले आणि म्हणाले, "हे घ्या साहेब, डोळ्यांसमोर. बारा पॉइंट एक्केचाळीस." साहेब खूश झाले. त्याच्या पुढच्याच पेटीला कागदावर छत्तीस उमटले.

वृंदाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा ३६.५३.

"चालू मीटरवर काय दिसतंय बघा," गायधनी साहेब म्हणाले.

मी बघितलं. "चोवीस पॉइंट बारा."

"म्हणजे मीटर चोवीस म्हणतोय आणि कागद छत्तीस." साहेबांनी पेन खिशात ठेवलं, आणि ते पेन खिशात जाताना आगाशे सरांचा चेहरा उतरला. "मग आगाशे, सकाळपासूनचे आकडे तरी खरे कशावरून? मी सही कशावर करायची?"

सही झाली नसती तर सगळा माल कंपनीतच पडून राहिला असता. सर घाम पुसत म्हणाले, "साहेब, नवीन प्रोग्राम आहे, काहीतरी गडबड झालेली दिसते. वृंदा, मी तुला म्हटलं होतं ना, नीट तपासून घे म्हणून?"

"सर, मी आठ दिवसांत एक अक्षर बदललेलं नाही," वृंदा म्हणाली. आवाज सरळ ठेवायचा ती प्रयत्न करत होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"अक्षर बदललं नाही मग आकडा कसा बदलला?"

सर माझ्याकडे वळले आणि जे वाक्य ऐकायला मी महिनोन् महिने आसुसले होते ते म्हणाले. "हेमा, तू हाताने घे सगळी मापं. साहेब, ही आमची जुनी, भरवशाची. हिच्या बोटांना व्होल्ट कळतात."

मी पुढे झाले. वृंदा खुर्चीवरून उठली नाही, पण खुर्ची मागे सरकवून तिने मला वाट दिली. ती खुर्ची सरकल्याचा आवाज मला इतका गोड लागला की काय सांगू.

मी मीटरच्या तारा हातात घेतल्या. हाताने माप घ्यायचं तर आधी दोन्ही बाजू बघायच्या, ही माझी जुनी सवय, बॅटरी किती आणि पेटी किती. पेटी चोवीस पॉइंट बारा. शेल्फवरच्या मीटरवर बॅटरी बारा पॉइंट एक्केचाळीस. माझ्या डोक्यात आकडे आपसूक एकमेकांशेजारी जाऊन बसतात, लहानपणापासूनची खोड आहे. चोवीस बारा आणि बारा एक्केचाळीस. छत्तीस त्रेपन्न.

मी पुन्हा बेरीज केली. छत्तीस त्रेपन्नच.

"सबनीस मॅडम," मी म्हणाले, "एकदा परत वाचा."

"काय उपयोग आहे? तेच येणार."

"येऊ दे. वाचा."

तिने बटण दाबलं. कॉम्प्युटरने नऊ नंबर पुकारला की चालू मीटरच्या कोपऱ्यात एक बारीक लाल टिकली पेटायची, आणि ती पेटलीही. पण मी तिकडे बघत नव्हते. मी शेल्फवरच्या मीटरकडे बघत होते. त्याच्याही कोपऱ्यात, अगदी त्याच क्षणी, तशीच लाल टिकली पेटली आणि विझली.

नऊ म्हटल्यावर दोघं ओ देत होते.

मला सगळं कळलं, आणि मला कळलंय हे खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मी फक्त गप्प राहायचं होतं. हाताने मापं घ्यायची, ती बरोबर येणार होती, साहेब सही करणार होते, आणि वृंदाचा प्रोग्राम कायमचा बदनाम होणार होता. कोरेगाव लांब राहणार होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे टक लावून आपलीच चूक शोधत होती, जी तिथे नव्हतीच. मला तिची दया आली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण दयाबिया काही आली नाही. मला ती तेव्हाही डोळ्यांसमोर नको होती. पण कागदावर छत्तीस लिहिलं होतं आणि पेटी चोवीस देत होती. खोटा आकडा असा समोर पडलेला मला बघवत नाही. मत्सर माझ्यात वर्षभराचा होता, ही खोड त्याहून जुनी होती.

"सर," मी म्हणाले, "शेल्फवरचा मीटर केबलला का जोडलाय?"

"तो ना? असू दे तो. तू मापं घे."

"त्याचा नंबर काय आहे?"

सर खिशात रुमाल शोधू लागले. वृंदाने मात्र झटकन मान वर केली. ती उठली, शेल्फपाशी गेली, मीटर अर्धा वळवून त्याच्या पाठीमागचे स्विच बघितले आणि तिथेच थांबली.

"नऊ," ती म्हणाली.

"दोन्ही मीटर नऊ?" गायधनी साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. आम्ही नऊ नंबरला विचारतो आणि दोघं एकदम उत्तर देतात. हा चोवीस म्हणतो, तो बारा म्हणतो, आणि एकाच तारेवर दोघांचे आकडे मिसळून छत्तीस होतात." ती माझ्याकडे वळली. "दर वेळी अशी सरळ बेरीज होईलच असं नाही. कधी नुसताच कचरा आला असता. आज आकडे तसे पडले. तुला कसं दिसलं?"

"बेरीज जमली," मी म्हणाले.

"पण मग इतके दिवस?" साहेबांचं समाधान झालं नव्हतं. "सकाळचे आकडे?"

"इतके दिवस त्याच्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या," वृंदा म्हणाली. "तो शून्य म्हणत होता. ह्याच्या आवाजात त्याचं शून्य मिसळून जायचं. तोही उत्तर देतोय हे कुणाला कळणार?"

सर खाकरले. "तो मीच लावला होता. दिवाळीत हा चालू मीटर कॅलिब्रेशनला पाठवला होता ना, तेव्हा त्याच्या जागी. प्रोग्राम बदलायला नको म्हणून तोच नंबर दिला. मग हा परत आला." ते साहेबांकडे बघून जरासं हसले. "म्हटलं, राहू दे दोघं एकाच नंबरवर. एक बसला तर दुसरा असावा. काम अडायला नको."

"अहो सर, पण मला सांगायचं तरी," वृंदा म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू काढायला लावला असतास."

तिने शेल्फवरच्या मीटरची केबल काढली. आकडा पुन्हा घेतला. २४.१२. साहेबांनी सकाळच्या पेट्या परत मागवल्या, मी त्या एकेक उचलून ठेवल्या, आणि सकाळचेच आकडे जसेच्या तसे पुन्हा छापून आले. साहेबांचं पेन खिशातून बाहेर आलं. सही करताना ते सरांना म्हणाले, "दोघी पोरी तयार आहेत तुमच्या. सांभाळा." सर त्यांना घेऊन जेवायला गेले.

टेस्ट रूममध्ये आम्ही दोघीच उरलो. वृंदा केबलची वेटोळी करत होती. बराच वेळ वेटोळी करण्याइतकी ती केबल लांब नव्हती.

"हेमा, तू का बोललीस?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"तुला कळलं होतं. मला नव्हतं कळलं. गप्प बसली असतीस तर आज संध्याकाळी मी पिशवी उचलून पुण्याला गेले असते. जागा तुझी झाली असती."

मी तेव्हा सावध राहायला हवं होतं. पण सकाळपासूनचा ताण होता, आणि खरं म्हणजे मला तिला ते कधीपासून ऐकवायचं होतंच. "जागा माझीच आहे," मी म्हणाले. "सरांनी मला जानेवारीतच सांगितलंय."

वृंदा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती रडेल. मी त्याची तयारीही ठेवली होती.

"कुठे सांगितलं?" तिने विचारलं. "व्हरांड्यात?"

"हो."

"आवाज बारीक करून?"

मी मान डोलावली.

"'जागा तुझीच आहे, माझ्या मनात पक्कं आहे,'" ती म्हणाली. सरांची लकब तिने हुबेहूब उचलली होती. "'फक्त हेमाला बोलू नकोस. तिचं मन मोडेल.'"

बाहेर कँटीनमध्ये ताटं वाजत होती. मी स्टुलावर बसले. शेल्फवरच्या मीटरकडे माझं लक्ष गेलं आणि मी मान फिरवली.

"मी तुझा किती राग केलाय, तुला कल्पना नाही," वृंदा म्हणाली. "हेमाच्या बोटांना व्होल्ट कळतात, हेमाच्या बोटांना व्होल्ट कळतात. मला खोलीवर गेल्यावर तेच ऐकू यायचं. मी एवढं सगळं उभं केलं आणि यांना कौतुक तुझ्या बोटांचं. आणि तू आपली अहो-जाहो करत बसायचीस. मला वाटायचं, हिला काहीतरी माहीत आहे म्हणून हिचा एवढा ताठा."

"मला वाटायचं, बिनसाखरेचा चहा," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. अगं, ते जाऊ दे." माझ्या तोंडून 'अगं' गेलं हे तिच्याही ध्यानात आलं. "सर जेवून आले की आपण दोघी आत जाऊ."

"एकेकीने?"

"नाही. एकेकीनेच तर झालंय हे सगळं. एकदम जाऊ."

सर केबिनमध्ये बडीशेप चघळत बसले होते. आम्हाला दोघींना एकत्र दारात बघून त्यांनी चघळणं थांबवलं.

"या. आज वाचवलंत दोघींनी. हेमा, तू जरा बस. वृंदा, तुझ्याशी मी नंतर..."

"नाही सर," मी म्हणाले. "दोघींसमोर सांगा. जागा कुणाची?"

"हे बघा, ती चर्चा अशी घाईत..."

"तुम्ही मला शब्द दिलाय," वृंदा म्हणाली.

"मलाही दिलाय," मी म्हणाले.

सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. वाईट माणूस नव्हता तो. घाबरट होता. "तुम्ही समजून घ्या," ते म्हणाले. "एकीला सांगितलं असतं नाही म्हणून, तर ती त्याच दिवशी दुसरीकडे गेली असती. ऑर्डर मोठी होती. दोघी हव्या होत्या मला. मधेच एखादी सोडून गेली असती तर काम अडलं असतं."

"एक बसला तर दुसरा असावा," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघायचं टाळून खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघू लागले.

"जागा कुणाची, सर?"

"नाव हेड ऑफिसला गेलंय." मग फार हळू म्हणाले, "वृंदाचं. डिसेंबरमध्येच."

डिसेंबरमध्ये. मला व्हरांड्यात गाठलं ते जानेवारीत. म्हणजे माझ्याशी ते गोड बोलले तेव्हा सगळं ठरून महिना झाला होता. मी उडत घरी गेले, मी दागिना पेटीत आहे ना म्हणून रोज बघत होते, आणि पेटी पहिल्या दिवसापासून रिकामी होती. वृंदाने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. तिच्यावर राग नव्हता, पण जागा तिला मिळाली होती आणि तेवढ्या वेळेपुरतं मला तिने शिवलेलंही नको होतं. तिने ते ओळखलं आणि हात मागे घेतला.

केबिनमधून मी पुन्हा टेस्ट रूममध्ये आले. शेल्फवरचा मीटर खाली घेतला, पाठ वळवली आणि नखाने मागचे स्विच सरकवून नऊचे अकरा केले. मग त्याची केबल परत जोडली. हे मी का केलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. निघायच्या आधी एवढं एक नीट करून ठेवावं असं वाटलं. वृंदा माझ्या मागोमाग आली होती. काही न विचारता ती कॉम्प्युटरपाशी बसली आणि तिने अकरा नंबर पुकारला. लाल टिकली एकट्या त्याचीच पेटली.

"शून्य," पडद्यावर बघून ती म्हणाली.

"असू दे," मी म्हणाले. "त्याचं त्याचं आहे."

घरी अण्णा अंगणात आरामखुर्ची टाकून बसले होते. माझी चप्पल निघायच्या आतच त्यांनी विचारलं, "झालीस का कायम?"

"नाही."

"मग कोरेगावला कळवतो."

"कळवा," मी म्हणाले. "नाही म्हणून कळवा."

"कुणाला विचारून?"

"मला विचारून."

अण्णा खुर्चीत सरळ बसले. आयुष्यभर त्यांनी माणसांना हुकूम दिले होते आणि माणसांनी ते ऐकले होते. मी दारातच उभी राहिले. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथून पुढे आली नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "नोकरी नाही, लग्न नाही. मग करणार काय तू?"

"अजून माहीत नाही. पण ते मी ठरवीन."

अण्णा उठून आत गेले. जेवताना मात्र भाकरीचा टोपला त्यांनी आपणहून माझ्याकडे सरकवला, आणि कोरेगावचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही.

उन्हाळ्यानंतर मला भोसरीला काम मिळालं. आज तिथली टेस्ट रूम मी बघते. आमचे मीटर तपासून येतात ते साताऱ्याहून, तिथे आता कॅलिब्रेशनचा स्वतंत्र विभाग झालाय. आलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राखाली प्रमुख म्हणून सही असते, वृ. ग. सबनीस. अक्षर अजून तसंच, सुरेख. आम्ही दिवाळीला फोन करतो, ती मला हेमाच म्हणते, मीही तिला अगं-तुगं करते. पण ती सही समोर आली की माझ्या पोटात अजून जरासं जळतंच. मग मी चष्मा लावून तिचे आकडे एकेक करून तपासते. एखादा तरी चुकलेला असेल म्हणून बघते. अजून एकही चुकलेला सापडला नाही.